दळण आणि दोन वाक्यं

माझ्या विहीणबाईंसारखी बाई अख्ख्या खानदेशात दुसरी नाही, आणि असलीच तर तिनं माझ्या वाटेला येऊ नये, कारण या एकीनंच मला इतके धक्के दिलेत की दुसरीला पुरेल एवढं काळीज आता माझ्याकडे शिल्लक नाही. मी धुळ्याची. शाळेत सातवीपर्यंत गेले, पुढचं सगळं शिक्षण वाचनालयातून पुस्तकं आणून, आधी चुलीपुढे आणि मग गॅसपुढे, एका हातात उलथनं नि एका हातात पुस्तक धरून झालेलं. विहीणबाई पाचोऱ्याच्या. तिथं त्यांची पिठाची गिरणी आहे. बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या, डोक्याला घट्ट रुमाल, आणि भुवया-पापण्यांवर बारा महिने पीठ, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला त्या सत्तरीच्या वाटतात आणि तोंड धुऊन आल्या की त्यांची धाकटी बहीण आली असं वाटतं. तर या बाईंना इंग्रजीतल्या दोन काळांचं वेड आहे. सगळ्या इंग्रजीचं नाही, दोनच काळांचं. एक पूर्ण वर्तमानकाळ आणि दुसरा चालू पूर्ण वर्तमानकाळ. माणसाला पानाचं वेड असतं, पत्त्यांचं असतं, माझ्या चुलत सासऱ्यांना दुसऱ्यांच्या घरातली घड्याळं जुळवून द्यायचं वेड होतं, तेही मी समजू शकते. पण व्याकरणातले दोन काळ असे कवटाळून बसलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पहिला धक्का त्या माझ्या लेकीला बघायला आल्या तेव्हाचा. आमच्याकडे मुलगी बघायला आलेली बाई काय विचारते, ते तुम्हाला माहीत आहे. स्वयंपाक येतो का, भाकरी थापता येते का, फार तर एखादी हुशारीनं वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून घेते. विहीणबाईंनी पोह्यांच्या ताटलीला हातसुद्धा लावला नाही. लेक समोर बसली तशी म्हणाल्या, "बाळ, सकाळपासून काय करतेयस ते इंग्रजीत सांग." आमचे हे तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच धरून राहिले. लेक तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. ती म्हणाली, "आय हॅव बीन मेकिंग पोहे." "किती वेळ?" "फॉर वन अवर." "झाले का मग?" "आय हॅव मेड देम." विहीणबाई नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पसंत." आता खरं सांगायचं तर पोहे मी केले होते, पोरीनं नुसती कोथिंबीर भुरभुरवली होती, पण इंग्रजीतलं खोटं मराठीत कसं पकडायचं ते मला सुचेना. एवढ्यावर थांबतील तर त्या विहीणबाई कसल्या. लगेच विचारलं, "पेपर कधी संपतात हिचे?" म्हटलं, एप्रिलच्या शेवटी. "मग लग्न मेमध्ये. आणि तोवर आमच्याकडचं कोणी हिला बघायला, साडी दाखवायला, मामीला भेटवायला म्हणून आलं, तर दार उघडू नका. मी आले तरी उघडू नका." पाहुणे गेल्यावर माझी जाऊ मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "मुलात काहीतरी खोट असंल बरं का. असं कोणी आपण होऊन लांबवतं का?" मी दोन रात्री त्या खोटेच्या काळजीत घालवल्या. मुलात खोट नव्हती. त्याला फक्त लहानपणापासून जेवणाआधी इंग्रजीत दोन वाक्यं म्हणायची सवय होती.

लग्नात लेकीची पाठवणी होताना मी रडत होते, सगळ्याच रडत होत्या, वाजंत्रीवालासुद्धा नाक पुसत होता. विहीणबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, धीर देतील. त्यांनी माझे डोळे स्वतःच्या पदरानं पुसले आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "अक्का, हॅज गॉन म्हणजे गेली आणि अजून आली नाही. हॅज बीन म्हणजे जाऊन परत आली. आज तुम्ही हॅज गॉन म्हणा. आखाजीला मी स्वतः आणून सोडते, तेव्हा पाचोऱ्याविषयी हॅज बीन म्हणायचं." माझं रडणं जागच्या जागी थांबलं, इतकी मी हबकले. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, विहीण ऐन मांडवात काहीतरी टोचून बोलली. पण आखाजीच्या सणाला त्या खरोखर लेकीला माहेरी घेऊन आल्या. आणि दारातच थांबल्या, माझ्या तोंडून ते वाक्य ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडेनात.

गिरणीचं तर काय सांगू. धुळ्या-जळगावात मी पुष्कळ गिरण्या पाहिल्या, सगळीकडे एकच भांडण: माझे गहू बाजरीवर टाकू नका, पीठ काळपट होतं, आधी कोणाची तरी ज्वारी घाला. पाचोऱ्याच्या त्या गिरणीतही हे भांडण होतं, फक्त ते इंग्रजीत चालायचं. तिथला कायदा असा, की डबा उचलायच्या आधी दोन वाक्यं म्हणायची, एक पूर्णचं आणि एक चालू पूर्णचं. वाक्य चुकलं की डबा फळीवरच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक पोरगी घाईघाईनं आली आणि म्हणाली, "मावशी, मनं दयन व्हयनं का? घरमा पाव्हना बशेल शेतस."

"इंग्रजीत विचार."

"हॅव यू ग्राइंड माय दयन?"

"दळून झालंय ना? मग ग्राउंड म्हण."

"हॅव यू ग्राउंड माय दयन?"

"येस, आय हॅव. आता पाहुण्यांचं सांग."

पोरगी आढ्याकडे बघत म्हणाली, "द पाव्हना हॅव बीन सिटिंग सिन्स नाइन ओ क्लॉक, अँड दे हॅव ड्रंक ऑल द मिल्क." सगळी रांग हसली. विहीणबाईंनी डबा दिला आणि वर त्या पाहुण्यांसाठी घरातून पावशेर दूध दिलं.

शिकवायची तऱ्हासुद्धा त्यांची स्वतःची. फळा नाही, खडू नाही. रिकाम्या डब्याच्या झाकणावर पीठ पसरायचं आणि त्यात बोटानं लिहायचं, दळण संपलं की झटकून टाकायचं. पाचोऱ्यात लाइट गेली की गिरणी थांबते आणि वर्ग भरतो. त्या म्हणायच्या, "फार डोकं खाजवू नका. डब्याकडे बघा. भरलाय, पीठ गरम आहे, काम उरकलंय. आय हॅव ग्राउंड द व्हीट. आता माझ्याकडे बघा. भुवया बघा, पापण्या बघा. आय हॅव बीन ग्राइंडिंग सिन्स मॉर्निंग. डबा दिसला की पूर्ण, मी दिसले की चालू पूर्ण. किती डबे विचारलं तर पहिलं, किती वेळ विचारलं तर दुसरं." रांगेतल्या कोणी कुरकुर केली की हे गोऱ्यांचे नखरे आपल्याला कशाला, तर त्या त्याला अहिराणीतच पकडायच्या. "तू 'काम करेल शे' म्हणतोस की नाही? 'करी ऱ्हायना' म्हणजे करतोय ते वेगळं आणि 'करेल शे' म्हणजे केलंय ते वेगळं, हे तुला तुझ्या आजीनं शिकवलं. गोऱ्याला त्याच्या आजीनं शिकवलं. भांडण कशाला?"

त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत सुपडूनाना म्हणून एक होते, कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले, बाजरीचा छोटा डबा घेऊन रोज यायचे. घरात दोन माणसं, रोज कसली बाजरी संपते, देव जाणे. नाना काठी टेकून, मान ताठ करून, कोर्टात उभं राहिल्यासारखे म्हणायचे, "आय हॅव बीन स्टँडिंग हिअर सिन्स टेन, अँड यू हॅव ग्राउंड फोर पीपल बिफोर मी." विहीणबाई म्हणायच्या, "माणसं नाही नाना, डबे." नाना म्हणायचे, "माझे पाय दुखतायत, मला आता दोन्ही सारखंच." पण त्या गल्लीत एक उणीव राहिली. तिथं कोणाला भूतकाळ येत नाही आणि भविष्यकाळही येत नाही, कारण विहीणबाईंनी ते शिकवलेच नाहीत. बँकेत नवीन आलेल्या साहेबाला तिथल्या एका दुकानदारानं "आय हॅव बीन कमिंग टुमारो" असं छातीठोकपणे सांगितलं होतं म्हणतात. मी एकदा विचारलं, "विहीणबाई, बाकीचे काळ का नाही शिकवत?" तर म्हणाल्या, "ते पुस्तकात आहेत, ज्याला हवेत त्यानं वाचावेत," आणि गिरणी चालू केली. गिरणी चालू झाली की त्यांना काही विचारता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मलाही त्यांनी सोडलं नाही. फोनवर तब्येत विचारली की मी गुडघा दुखतो म्हणायची, तर पलीकडून, "कधीपासून?" संक्रांतीपासून म्हटलं की, "मग सिन्स. आणि दोन महिने झाले म्हणाल तर फॉर. आता आख्खं वाक्य करा." माझा गुडघा मराठीत जेवढा दुखायचा त्याच्या दुप्पट इंग्रजीत दुखायला लागला. एकदा मी मोठ्या हौसेनं म्हटलं, "आय हॅव बीन नोइंग यू फॉर सिक्स इयर्स." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ओळखण्याला ते शेपूट लागत नाही अक्का. आय हॅव नोन यू. ओळख काय गिरणीसारखी चालू ठेवायची वस्तू आहे का?" मी म्हटलं, बरं बाई. आपण सहा वर्षं या बाईला ओळखतो, असं मी तेव्हा खरंच समजत होते.

यंदा फेब्रुवारी सरता सरता एका सकाळी दार वाजलं. उघडते तो विहीणबाई. हातात कपड्यांची मोठी पिशवी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाल्या, "अक्का, वीस-पंचवीस दिवस राहायला आलेय." आमच्यात विहीण विहिणीकडे मांडवाला येते, बारशाला येते, जेवते, साडी घेते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. पंचवीस दिवस राहते ती एकाच कारणासाठी, सुनेशी फाटलं म्हणून. मी त्यांना पाणी दिलं, मागच्या खोलीत गेले आणि लेकीला फोन लावला.

"काय केलंस गं तू?"

"मी काही केलं नाही आई. त्या म्हणाल्या, अक्कांकडे जाते, गुडघ्यांवर धुळ्याच्या वैद्याचं औषध चालू करायचंय."

"त्यांचे गुडघे दुखतात?"

"दुखतात तुझे."

झालं. म्हणजे पोरगी काहीतरी लपवते आहे, असं मी धरून चालले. आता ही गाठ आपणच गोडीनं सोडवायची. पहिल्या दिवशी मी खापरावर मांडे केले. दुसऱ्या दिवशी शेवभाजी, तिसऱ्या दिवशी भरीत आणि कळण्याची भाकरी. वाढता वाढता म्हणायची, "आमची पोर जरा फटकळ आहे हो, पण मनानं चांगली आहे." त्या म्हणायच्या, "फार चांगली आहे," आणि भरभर जेवून गच्चीवर निघून जायच्या. त्यांचं गोड बोलणं ऐकून मला आणखी धडकी भरायची, कारण खरं भांडण असलं की माणूस असंच गोड बोलतं. गच्चीवर त्या पोथी वाचतात अशी माझी समजूत. आमचे हे म्हणाले, "तीन दिवस झाले, पोथी संपत कशी नाही?"

चौथ्या दिवशी सकाळी मी वर कुरडया वाळत घालायला गेले. विहीणबाई आंघोळीला खाली. पोथी तिथंच. नमस्कार करावा म्हणून उचलली तर आतून एक कागद पडला. हॉलतिकीट. दहावीचं. वर विहीणबाईंचा फोटो, भुवया काळ्या, त्यामुळे आधी ओळखूच आल्या नाहीत. आणि पत्ता माझ्या घराचा. पोथी म्हणजे दहावीच्या इंग्रजीचं गाइड. मी कुरडयांच्या चाळणीवर जवळजवळ बसलेच. मागून विहीणबाई ओल्या केसांनी वर आल्या, माझ्या हातातला कागद पाहिला आणि म्हणाल्या, "बसा अक्का, पण कुरडयांवर नको."

मग त्यांनी सांगितलं. सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. पाचोऱ्यात भरला तर गल्लीभर होईल, म्हणून धुळ्यातून भरला आणि मला न विचारता माझा पत्ता दिला. मी म्हटलं, "पण तुम्ही तर मॅट्रिक. लग्न ठरताना व्याह्यांनी तसं सांगितलं होतं."

"त्यांनाही तसंच सांगितलं होतं," विहीणबाई म्हणाल्या. "सोळा वर्षांची होते. शेवटचा पेपर इंग्रजीचा. अर्धा झाला असेल, दारातून सरांनी हाक मारली, तुझे वडील आलेत, लगेच चल. मला वाटलं आई गेली. पेपर तसाच ठेवून धावले. बाहेर वडील सायकल धरून उभे. म्हणाले, भडगावचे पाहुणे आलेत बघायला, त्यांना दुपारची गाडी पकडायचीय."

"मग?"

"मग काय. पोहे केले."

"आणि ते पाहुणे?"

"हेच की," त्या म्हणाल्या. "तुमचे व्याही. त्यांना अजून माहीत नाही, त्या दिवशी मी कुठून उठून आले ते. आमच्या वडिलांनी सांगून टाकलं, मुलगी मॅट्रिक झालीय. मीही मग तसंच म्हणत आले."

मी हॉलतिकीट परत गाइडात ठेवलं. शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कुठल्या प्रश्नावर होतात?" त्यांनी बाजरी की ज्वारी सांगावं तसं सांगितलं. "काळ बदला, असा प्रश्न होता. पहिलं वाक्य पूर्ण वर्तमानकाळात करायचं होतं, ते केलं. दुसरं चालू पूर्णमध्ये. त्याचं 'आय हॅव बीन' एवढं लिहिलं होतं." मग केसांचं पाणी पिळत म्हणाल्या, "नापास झाले आणि पाचोऱ्यात कळलं, तर सुपडूनाना म्हणतील, हिनं आम्हाला इतकी वर्षं फुकट उभं केलं. गिरणीत कोणत्या तोंडानं उभी राहू? पण ते पुढचं पुढे. मला तो पेपर शेवटच्या घंटेपर्यंत लिहायचाय अक्का. मधे उठायचं नाही." त्या दिवसापासून मी मांडे बंद केले आणि त्यांना सकाळी उठवायला लागले.

मराठी झालं, आणि इंग्रजीचा दिवस आला. मी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली, रिक्षानं केंद्रावर घेऊन गेले. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "आजी, पालकांनी बाहेर थांबायचं." विहीणबाई म्हणाल्या, "मी पालक नाही," आणि हॉलतिकीट दाखवलं. त्यानं फोटो पाहिला, त्यांना पाहिलं, परत फोटो पाहिला आणि कडेला झाला. आजूबाजूच्या पोरी हसतील असं मला वाटलं होतं. एकीनं फक्त विचारलं, "आजी, पत्रलेखनात कोणतं येईल हो?"

मी समोरच्या निंबाखाली इतर आयांबरोबर बसले. दीड तास झाला असेल, फोन वाजला. व्याही.

"विहीणबाई, हिचा फोन बंद लागतोय. जरा द्या तिला. नाशिकचे पाहुणे आलेत, अचानक आलेत, आमच्या धाकट्या पोरीला बघायला. मुलगा इंजिनिअर आहे. तिला म्हणावं, मिळेल त्या गाडीनं नीघ, मी पाहुण्यांना थांबवून धरतो."

तेच व्याही, तेच पाहुणे, तोच पेपर. मी म्हटलं, "त्या बसल्यात."

"कुठे बसल्यात?"

"पूजेला."

"मग उठवा की. पाहुणे महत्त्वाचे."

"मधे उठता येत नाही त्या पूजेतून."

"अहो कसली पूजा ही? किती वेळाची?"

"तीन तासांची," मी म्हटलं आणि फोन ठेवला. लगेच परत वाजला. मी बघत राहिले. आयुष्यात मी व्याह्यांना कधी शब्दानं दुखावलं नव्हतं, मुलगी दिलेली माणसं आम्ही. त्यांची धाकटी लग्नाची, चांगलं स्थळ आपल्या पायांनी चालत आलेलं, आणि तिच्या आईनं यावं की नाही हे ठरवणारी मी कोण? उठून फाटकाशी गेले. शिपाई म्हणाला, "काय झालं आजी? चेहरा का असा? अर्जंट असेल तर बैठक नंबर सांगा, आत निरोप देतो." माझ्याकडे नंबर होता, तोंडपाठ होता. मी म्हटलं, "निरोप नाही. पण कोणीही आलं, अगदी कोणीही, आणि म्हणालं त्या बाईंना बाहेर बोलवा, तर बोलवू नका." तो म्हणाला, "बरं." मी परत निंबाखाली जाऊन बसले आणि फोन पिशवीत खाली, छत्रीच्या खाली, दाबून ठेवला. इतकी भीती मला माझ्या बाळंतपणातही वाटली नव्हती.

शेवटची घंटा झाली. पोरं लोंढ्यानं बाहेर आली, आणि सगळ्यांत शेवटी विहीणबाई, बोटांना शाई, पदर खोचलेला. म्हणाल्या, "दोन पुरवण्या घेतल्या." मी त्यांना पाहुण्यांचं सांगितलं. पिठाशिवाय पांढऱ्या झालेल्या विहीणबाई मी पहिल्यांदा पाहिल्या. त्या तिथंच पायरीवर बसल्या.

"गेले का पाहुणे?"

"गेले असतील."

"आत निरोप नाही पाठवला तुम्ही?"

"नाही."

त्यांनी बोटांची शाई पदराला पुसली. मग म्हणाल्या, "माझी आई असती तर तिनंसुद्धा पाठवला असता." समोर उसाच्या रसाची गाडी होती. आम्ही दोन-दोन ग्लास रस प्यालो आणि रिक्षानं घरी आलो. ते स्थळ पुन्हा आलं नाही. चांगलं होतं, असं सगळे म्हणतात, आणि कोणी म्हटलं की मी अजून उठून स्वयंपाकघरात जाते.

निकाल माझ्या मुलानं मोबाइलवर काढला. विहीणबाई पास झाल्या. मराठीत अठ्ठ्याहत्तर, आणि सगळ्यांत कमी इंग्रजीत, एकोणचाळीस. मी पाच वेळा आकडा वाचून घेतला, मला वाटलं उलटा वाचला. फोनवर विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "काळांवर एकच मार्काचा प्रश्न होता अक्का. बाकी जाहिरात तयार करा, मुलाखत घ्या, बातमी लिहा. ते कोणाला येतंय." गुणपत्रिका हातात आल्यावर त्यांनी ती नवऱ्यापुढे ठेवली आणि त्या दिवशीचं सगळं सांगितलं. लेक सांगत होती, व्याह्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी तू," आणि चष्मा काढून ठेवला. उठून गिरणीत गेले, दिवसभर एकट्यानं दळत बसले आणि चार जणांचे गहू बाजरीवर टाकले. एकानंही तक्रार केली नाही. गल्लीला संध्याकाळपर्यंत सगळं कळलं होतं. विहीणबाई ज्याला भ्यायल्या होत्या तसं काही झालं नाही. सुपडूनानांनी तर पेढे आणले, म्हणाले, आमच्या मास्तरीणबाई मॅट्रिक झाल्या.

श्रावणात कानबाईच्या सणाला मी पाचोऱ्याला गेले. नैवेद्याच्या रोटांचे गहू दळायला गिरणीत ही गर्दी. मी मुद्दाम रांगेत उभी राहिले, दोन वाक्यं गाडीतच तयार करून आणली होती. पण रांग भराभर पुढे सरकत होती. कोणी डबा ठेवायचं, विहीणबाई दळायच्या, झाकण लावून द्यायच्या. झाकणं स्वच्छ. सुपडूनानांचा नंबर आला. त्यांनी काठी टेकली, मान ताठ केली, "आय हॅव बीन" एवढं म्हणाले, तोच विहीणबाई म्हणाल्या, "द्या नाना, डबा द्या, पाय दुखत असतील तुमचे." नानांनी डबा दिला. पीठ घेऊन ते थोडा वेळ तिथंच घुटमळले आणि मग गेले. मला राहवेना. दुपारी जेवताना विचारलं, "का हो, वाक्यं का बंद केलीत?" त्यांनी आठवायचा प्रयत्न केल्यासारखं केलं. म्हणाल्या, "बंद असं नाही केलं. निकालानंतर पहिल्या दिवशी गिरणी लावली आणि विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं." मग मला आणखी एक रोट वाढत म्हणाल्या, "बरं वाटतं अक्का. हलकं वाटतं." चेहरा खरंच हलका दिसत होता.

संध्याकाळी त्यांनी मला एसटीत बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली. बाहेर कपाशी कमरेएवढी झालेली. पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात वाक्यं करत होते, एक गुडघ्यावर, एक लेकीवर आणि एक विहीणबाईंवर. पहिली दोन झाली. तिसरं काही जमेना, त्यात चालू घालावं की नुसतं पूर्ण ठेवावं, तेच कळेना. शेजारच्या बाईला विचारून बघावंसं वाटलं. पण ती मांडीवरच्या पिशवीवर डोकं टेकून केव्हाच झोपली होती.